नावापुरती मेमरी आणि एक वायर

जुन्या होम कॉम्प्युटर्समधलं माझं सगळ्यात लाडकं मॉडेल म्हणजे अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी ४७२, कारण हे मशीन चक्क टॅक्स चुकवायला जन्माला आलं! १९८५ मध्ये स्पेनने ६४ केबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या मशीन्सवर जादा कर लावला, मग काय, कंपनीने ८ केबीची जास्तीची चिप आत बसवली, ७२ केबी झाले, पण ती चिप वापरताच यायची नाही, नुसती शोभेला :)

मालकांचे जुगाड मात्र खरंच कामाचे. झेडएक्स स्पेक्ट्रम या दुसऱ्या जुन्या होम कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटवाटे यायचं, धूसर. लोक मॉड्युलेटरला (चित्राचा टीव्ही चॅनलसारखा सिग्नल बनवणारा भाग) वळसा घालून कॉम्पोझिट सिग्नल, म्हणजे चित्राचा मूळ सिग्नल, थेट कॉम्प्युटरच्या त्याच टीव्ही-सॉकेटवर आणतात, एका वायरचं काम, चित्र एकदम सुधारतं.