बोर्दोची हंगामवही: बेरजा खोडल्या, तारखा मांडल्या

मंडळी, फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रांतातल्या वर्षांचा जो तक्ता दोन वर्षं खपून तयार केला होता, तो मी या महिन्यात मोडला. वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. तो तक्ता वाइनबद्दल काहीच सांगत नव्हता.

त्यात दर वर्षाला दोन मुख्य आकडे होते: वाढीच्या हंगामातला एकूण पाऊस आणि डिग्री-डे. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. १० अंशांखाली वेल वाढत नाही असं धरतात. म्हणून दिवसाच्या सरासरी तापमानातून १० वजा करायचे आणि उरेल ते १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर साठवत जायचं. दिवसा २८, रात्री १४, सरासरी २१, म्हणजे त्या दिवसाचे ११. मेतेओ-फ्रान्स या फ्रेंच हवामान खात्याने २०२४ पासून आपली माहिती सर्वांसाठी खुली केली, त्यामुळे बोर्दोच्या मेरिन्याक विमानतळावरच्या केंद्राचे रोजचे आकडे घरबसल्या मिळतात. मी त्यांच्या बेरजा करत बसले होते आणि चूक तिथेच होती.

डोळे उघडले ते २०१३ आणि २०१६ शेजारी ठेवल्यावर. दोन्ही वर्षी बोर्दोचा वसंत चिंब ओला होता. २०१६ च्या जूनच्या सुरुवातीला तर तिकडे पॅरिसमध्ये सेन नदीला पूर आला होता. मेअखेरपर्यंतचं हवामान बघून कुणी दोन्ही वर्षांना सारखेच गुण दिले असते. प्रत्यक्षात २०१३ हे बोर्दोच्या लाल वाइनचं अलीकडचं सर्वांत अवघड वर्ष ठरलं, आणि २०१६ आजही उत्तम वर्षांमध्ये मोजतात.

फरक पडला फुलोऱ्यात. द्राक्षाचं फूल इतकं बारीक असतं की लांबून तो फक्त हिरवट तुरा दिसतो. प्रत्येक फुलावर एक इवलीशी टोपी असते. ती गळून पडली की परागीभवन होतं आणि मणी धरतो. गारठा आणि पाऊस असला की टोपी चिकटून राहते, फलन होत नाही आणि मणीगळ होते. मेर्लो ही द्राक्षाची जात या बाबतीत फारच नाजूक. २०१३ चा फुलोरा थंड, ओल्या जूनमध्ये सापडला. घड विरळ झाले, शिवाय एकाच घडात मोठे, बारीक आणि कच्चे मणी एकत्र राहिले. जुलैत छान ऊन पडलं, पण घडाची ती विषमता उन्हाने भरून निघत नाही. पुढे सप्टेंबरअखेर उबदार दमट हवा आली, कूज पसरू लागली आणि पूर्ण पिकण्याआधीच तोडणी उरकावी लागली.

२०१६ ला जूनमध्ये फुलोऱ्याच्या सुमारास उघडीप मिळाली. त्यानंतर पाऊस जवळजवळ थांबलाच. जमिनीत वसंतातलं पाणी मुरलेलं होतं, त्यावर वेलींनी कोरडा उन्हाळा काढला. त्या टप्प्यात थोडी तहान हवीच असते: शेंडे वाढायचे थांबतात आणि वेल सगळा जोर मण्यांवर लावते. सप्टेंबरच्या मध्यात एक पाऊस येऊन गेला, नेमका तहान त्रासाकडे झुकू लागलेली असताना. मग कोरडे दिवस, थंड रात्री आणि ऑक्टोबरपर्यंत निवांत तोडणी.

तेव्हा आता माझ्या वहीत प्रत्येक वर्षाला पाच खाने आहेत: वेलीचे डोळे (अंकुर) फुटणं, फुलोरा, मण्यात पाणी उतरणं, त्यानंतरचे सहा आठवडे आणि तोडणी. पाऊस आणि तापमान त्या त्या खान्यापुरतंच लिहायचं, बेरीज करायची नाही. 'पाणी उतरणं' हा आपल्या द्राक्ष बागायतदारांचा शब्द मला फार आवडतो. कडक हिरवा मणी मऊ पडतो, रंग धरतो, गोडी चढू लागते, ते सगळं त्यात आलं.

नव्या रीतीची पहिली परीक्षा २०२१ आणि २०२२ वर घेतली. बोर्दोतल्या मेदोक भागातल्या एकाच बागेच्या दोन बाटल्या, दोन्हींत काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त. आधी हवामानावरून अंदाज लिहिला, मग बुचं काढली.

२०२१ च्या मार्चअखेर ऊब पडली, डोळे लवकर फुटले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दहिवराचा कडाका आला. कोवळी फूट शून्याखाली दोन-तीन अंशांत मरते. देशभर बागांमध्ये रात्रभर मेणाची भांडी पेटवून ठेवली होती. बर्गंडी प्रांतातल्या शाब्लीत काही बागांवर पाणी फवारतात: पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या कवचातला डोळा शून्याच्या आसपास तग धरतो. मात्र बर्फ वितळेपर्यंत फवारा थांबवायचा नाही, नाहीतर उलटंच होतं. पुढे उन्हाळा गार, ओला, डाउनी या बुरशीजन्य रोगाने भरलेला. फ्रान्सचं त्या वर्षीचं एकूण उत्पादन चार कोटी हेक्टोलिटरच्याही खाली राहिलं.

मी लिहिलं होतं: फिकट रंग, आंबटपणा जास्त, ढोबळी मिरचीचा वास. पेला तिरका धरला तर कडेला माणकासारखा पातळ लाल रंग, मागचा कागद दिसत होता. वास घेतला आणि मिरची होतीच, पण मला वाटली होती त्यापेक्षा खूप सौम्य, चुरगळलेल्या पानासारखी. तो वास देणारं द्रव्य कच्च्या काबर्नेत जास्त असतं आणि मणी पिकताना कमी होत जातं. सप्टेंबरमधल्या उन्हाला मी पुरेसे गुण दिले नव्हते. लेबलवर १२.५ टक्के. मला ही वाइन मनापासून आवडली, आणि २०२१ ला वाईट वर्ष म्हणून सोडून देणाऱ्यांशी मी सहमत नाही.

२०२२ ला मात्र माझा अंदाज सपशेल चुकला. उष्णतेच्या लाटा, दुष्काळ, जुलैत जिरोंदच्या (बोर्दोच्या जिल्ह्याच्या) जंगलांत वणवे. मी लिहिलं होतं: जड, शिजलेल्या फळासारखी, आंबटपणा हरवलेली. उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल जळून जातं, त्यामुळे अंदाजाला आधार होता. निघाली गडद, १४.५ टक्क्यांची, तरीही ताजी. साल जाड आणि मणी बारीक, त्यामुळे टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) भरपूर, पण जिभेला खरखरत नव्हतं.

२००३ चं पान पुन्हा काढलं. तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात असह्य उष्णता आली, रात्रीही उतरली नाही. घडांवरची पानं काढलेल्या बागांत मणी भाजले. २०२२ ला कोरड आधीपासून होती, म्हणून वेलींनी पानोळाच बेताचा ठेवला. जूनमध्ये थोडा पाऊस मिळाला, आणि बागायतदारांनी सावलीसाठी पानं राखली. माझ्या मते उत्तर यात आहे. पण एका बाटलीवरून एवढंच म्हणेन की रात्रीच्या किमान तापमानासाठी वेगळा खाना हवा. तो आखला आहे.

एक इशारा: 'फ्रान्सचं अमुक वर्ष' असं कुणी म्हटलं की प्रांत विचारा. ज्या २०१६ चं मी एवढं कौतुक केलं, त्याच वर्षी एप्रिलअखेरच्या दहिवराने बर्गंडीत अनेक बागांचं पीक नेलं. तिथली वही वेगळीच मांडावी लागेल. बर्गंडीतल्या बोन गावाच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून जुळवलेल्या आहेत. १९८७ पर्यंत तिथे सरासरी २८ सप्टेंबरला तोडणी सुरू व्हायची, १९८८ नंतर ती जवळपास तेरा दिवस अलीकडे आली.

पुढचं काम बोर्दोतल्याच सोतेर्न भागाचं आहे. तिथे गोड वाइनसाठी मण्यांवर कूजच हवी असते. त्यासाठी लागतं थंड सिरों नदी गारोन नदीला मिळते तिथलं सकाळचं धुकं, आणि दुपारी ते वितळवणारं ऊन. २०१२ ला हे जमलं नाही आणि तिथल्या शातो दिकेम या प्रसिद्ध बागेने त्या वर्षाची वाइन काढलीच नाही. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे रोजचे आकडे उतरवून घेतले आहेत, फक्त धुक्यासाठी कोणता खाना आखायचा ते अजून ठरत नाही. कुणी दवबिंदूवरून धुक्याचा अंदाज बांधून पाहिला असेल तर मला तुमची रीत शिकायची आहे.