तुम्ही विचारलेत म्हणून: डॉक्टर होऊन प्रयोगशाळेत कशाला?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि डॉक्टर झाल्यावर रुग्ण तपासायचे सोडून कोणी आयुष्यभर प्रयोगशाळेत का बसावे, त्यातून रुग्णाच्या पदरात काय पडते, असा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात. त्यांचे पालक तर अधिकच काळजीने विचारतात. उत्तरादाखल मी अमेरिकी डॉक्टर-संशोधक रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांची कारकीर्द सांगतो, कारण मुळात त्यांनाही संशोधन करायचे नव्हते.

1943 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेल्या लेफ्कोविट्झ यांनी लहानपणीच डॉक्टर व्हायचे ठरवले होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुण डॉक्टरांना सक्तीची सेवा करावी लागे, म्हणून 1968 साली ते बेथेस्डा येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुजू झाले आणि तिथे बराच काळ त्यांचे प्रयोग फसत राहिले. पुढे बोस्टनमध्ये रुग्णांच्या गराड्यात असताना मात्र त्यांना प्रयोगशाळेवाचून करमेना, आणि 1973 पासून ते ड्यूक विद्यापीठाचेच झाले.

ॲड्रेनॅलिन या तणावाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे हृदय जोराने का धडधडते, याचे उत्तर देण्यासाठी औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 सालीच अल्फा आणि बीटा अशा दोन रिसेप्टरांची, म्हणजे असा संदेश पकडणाऱ्या पेशीवरील ग्राहकांची, कल्पना मांडली होती. परंतु रिसेप्टर ही हाताळता येण्याजोगी वस्तू आहे, असे खुद्द आल्क्विस्टही पंचवीस वर्षांनंतर मानायला तयार नव्हते. लेफ्कोविट्झ यांचा पहिला प्रयत्नही वादात सापडला: ॲड्रेनॅलिनचे भावंड असलेले नॉरॲड्रेनॅलिन माग काढण्यासाठी किरणोत्सारी केले, ते पेशींच्या आवरणाला चिकटत होते खरे, पण त्याच्या रेणूचे डावे आणि उजवे (एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे) रूप जवळजवळ सारखेच चिकटत होते, आणि हृदय तर त्या दोन रूपांमध्ये स्पष्ट भेद करते. मग रिसेप्टरला अडवणारी औषधेच किरणोत्सारी करून वापरल्यावर 1974 मध्ये हा भेद नेमका दिसला. त्यानंतर अत्यल्प प्रमाणात आढळणारे हे प्रथिन शुद्ध करण्यात कित्येक वर्षे गेली. 1986 साली बीटा-2 रिसेप्टरचे (बीटाचाच एक उपप्रकार) जनुक हाती आले, तेव्हा त्याची रचना डोळ्यातील प्रकाशसंवेदी ऱ्होडॉप्सिनशी जुळली: दोन्ही प्रथिने पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातात. हृदयाचा शोध घेता घेता डोळ्यापाशी पोहोचणे, ही या कारकिर्दीतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. मानवी शरीरात या एकाच कुळातील सुमारे 800 रिसेप्टर आहेत आणि आजच्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश त्यांच्यावरच काम करतात. 2012 साली लेफ्कोविट्झ आणि त्यांचे शिष्य ब्रायन कोबिल्का यांना नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे.

पालकांसाठी मात्र मी दुसराच धागा उचलतो. सतत ॲड्रेनॅलिनचा मारा झाला की रिसेप्टर प्रतिसाद देणे कमी करतो. त्याच्यावर फॉस्फेट चढवणारे एक विकर (एन्झाइम) आणि मग त्याला जखडणारे बीटा-अरेस्टिन हे प्रथिन, अशी यामागची यंत्रणा लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. 1982 साली हृदयरोगतज्ज्ञ मायकेल ब्रिस्टो यांनी निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांमध्ये बीटा रिसेप्टरांची संख्या जवळपास निम्म्यावर आल्याचे दाखवले होते, म्हणजे रुग्णाचे हृदय अखंड माऱ्याखाली बधिर होत होते. तरीही सगळे श्रेय प्रयोगशाळेला देणे योग्य नव्हे. स्वीडनमधील गोटेबर्ग येथे डॉक्टर फिन वागस्टाइन यांनी 1975 सालीच, निकामी होत चाललेल्या हृदयासाठी त्या काळी निषिद्ध असलेले बीटा ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारी औषधे, अशा काही रुग्णांना देऊन त्यांची प्रकृती सुधारल्याचे नोंदवले होते. त्यांच्यावर बहुतेकांचा विश्वास बसला नाही. 1999 सालच्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले, तेव्हा कुठे हा उपचार रुळला. आणि एव्हाना त्याचे कारण सांगण्याइतकी रिसेप्टरची माहितीही जमली होती. थकलेले हृदय त्याच ॲड्रेनॅलिनच्या आधारावर तग धरून असल्यामुळे आधार एकदम काढता येत नाही, म्हणून डॉक्टर बिसोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर 1.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून कित्येक आठवड्यांत हळूहळू वाढवतात आणि ते मनाने अचानक बंद करू नका, असे बजावतात.