कोण पळवतंय ही कंपनी?

पुण्याहून आलेल्या साहेबांनी जेवताना सहज विचारलं, "हू रन्स धिस प्लांट?" आणि माझ्या शेजारी बसलेली माझी चिनी सहकारी श्याओ ली एकदम गडबडलीच. तिच्या डोक्यात रन म्हणजे 'पाओ', पळणे, आणि इकडे चीनमध्ये 'पाओलू' म्हणजे मालकाने लोकांचे पैसे बुडवून रातोरात फरार होणे. तिला वाटलं साहेब विचारतायत, कोण पळालं! सुजौमधल्या कारखान्यांच्या गर्दीत असले किस्से ऐकलेले असतात ना, त्यामुळे बिचारी घाबरली.

हसून झालं, पण नंतर मला रागच आला, तिचा नाही, त्या शब्दांच्या याद्यांचा. इथे २००१ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आहे, गाओखाओत, म्हणजे कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत, ७५० पैकी १५० मार्क इंग्रजीला, आणि पोरं करतात काय तर याद्या घोकतात. ती पुस्तकं 'अबँडन' या शब्दाने सुरू होतात आणि निम्मी जनता तिथेच अभ्यास सोडून देते, हा इथला जुना जोक आहे. श्याओ ली आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय, तिच्या पुस्तकात रनसमोर पळणे, वाहणे, चालवणे, निवडणुकीला उभं राहणे असे चिनी अर्थ एकाखाली एक, वाक्य नाही, काही नाही. अरे, ऑक्सफर्डवाल्यांनी या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत, किती पाठ करणार? आणि पाठ केले तरी बोलताना नेमका कुठला आठवायचा?

मग लंच टाइममध्ये आमचा क्लास सुरू झाला (ती मला 'लाओशी' म्हणते, म्हणजे गुरुजी, मला आवडतं, खोटं कशाला बोलू). पहिलं काम, यादी बंद. चिनी माणूस क्रियापद एकटं बोलतच नाही फारसं, त्याच्याबरोबर कर्म चिकटलेलं असतं. पळायला जायचं तर नुसतं 'पाओ' नाही, 'पाओबू'. नाक वाहतं तर 'ल्यू बीती'. मग हीच सवय इंग्रजीत का नाही वापरायची? वहीत 'रन' लिहायचंच नाही, 'रन अ शॉप', 'रन अ टेस्ट', 'रन फॉर मेयर', 'माय नोज इज रनिंग' असं अख्खं लिहायचं आणि प्रत्येकापुढे त्याचं त्याचं वेगळं चिनी क्रियापद, दुकानाला 'जिंगयिंग', मशीनला 'युनशिंग'. एका रनला एकच चिनी शब्द शोधत बसलं की गाडी अडकते. या सगळ्यात काहीतरी न थांबता पुढे जात राहतं हे तिचं तिलाच दिसलं, वर म्हणाली, आमचे प्रोग्रामरसुद्धा प्रोग्रामला 'पाओ'च म्हणतात की!

मला खरी गंमत वाटली ती रन आऊट, रन अवे वगैरेची. इथले बरेच लोक हे टाळतात आणि त्याऐवजी जडजड शब्द वापरतात, दूध संपलं तर म्हणे 'द मिल्क इज एक्झॉस्टेड'. पण यांच्या भाषेत हेच तर आहे! 'पाओ छूछ्यू' म्हणजे पळत बाहेर जाणे, 'पाओदियाओ' म्हणजे पळून जाणे, 'योंगवान' म्हणजे वापरून संपवणे. क्रियापद आणि त्याला लागलेलं शेपूट. हे दाखवलं तर तिची भीती निम्मी गेली. 'शी रन्स द शॉप' आणि 'द शॉप रन्स वेल' पण तिला लगेच पटलं, कारण 'खाय' म्हणजे दार उघडणं आणि उघडवणं दोन्ही. आपल्याला मधे तो 'व' घालावा लागतो, चालणे, चालवणे.

बाकी आपल्याला रन सोपं जातं हे खरं. आपलं दुकान चालतं, मशीन चालतं, नोटही चालते आणि काहीच जमलं नाही तरी 'चालेल' असतंच.

आता जरा मनातलं. इथल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा ग्रुप असतो, तिथे मी विचारलं तर गोड हसून सांगितलं की आम्हाला नेटिव्ह स्पीकर हवेत. इंग्रजी शिकवायच्या वर्क परमिटसाठी पासपोर्टचा देश बघतात हे मला माहितीये, पण मी कुठे नोकरी मागत होतो, फुकट गप्पा मारायला तयार होतो! आणि रन असं का वापरतात हे नेटिव्हला विचारा, तो खांदे उडवणार, कारण त्याने ते कधी शिकलेलंच नाही. आपण मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीन दरवाज्यांतून ये-जा केलेली माणसं, आपल्याला अडतं कुठे ते माहिती असतं. हां, माझे उच्चार पक्के सदाशिव पेठी आहेत, मान्य. पण श्याओ लीला माझं कळतं, आणि तिच्या आयल्ट्सच्या रेकॉर्डिंगमधल्या त्या ब्रिटिश बाईचं निम्मं कळत नाही, हे कोणी त्या इन्स्टिट्यूटला सांगा.

पुढच्या आठवड्यात तिला 'गेट' हे क्रियापद हवंय. मी तूर्तास ऑडिटचं कारण सांगून ठेवलंय.