रक्तात काय आलं?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर उलटते तो आजार) झालंय असं सांगितलं की आमच्या रत्नागिरीत पुढचा प्रश्न ठरलेला: "रक्तात काय आलं?" साखर रक्तात येते, थायरॉइड रक्तात येतो, डेंग्यू येतो, लेप्टो तर दर पावसाळ्यात कुणा ना कुणाच्या रक्तात येतोच. मग एवढं मोठं नाव असलेला आजार यायलाच हवा. आमच्या वन्संनी तर माझी फाइल मांडीवर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाल्या, "अगं, सगळं तर नॉर्मल आहे. मग हे डॉक्टर म्हणतात कशावरून?"

प्रश्न रास्त आहे. एमएस रक्तात येत नाही. 'पॉझिटिव्ह' असं छापून देणारी एकही रक्ततपासणी या आजाराला नाही. निदान होतं ते लक्षणांवरून, एमआरआयवरून आणि गरज पडली तर मणक्यातल्या पाण्यावरून. तरीही माझ्या फाइलमध्ये एमआरआयपेक्षा रक्ताचेच कागद जास्त आहेत. ते कशाला, ते एकदाचं लिहून ठेवते, म्हणजे वन्संना लिंक पाठवता येईल.

माझं सुरू झालं डाव्या डोळ्यापासून. डोळा फिरवला की आत ठणका, आणि लाल रंग धुऊन काढल्यासारखा फिका. एका डोळ्याने बघितलं तर कुंकू लाल, दुसऱ्याने बघितलं तर विटकरी. ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज. न्यूरोलॉजिस्टनी तपासण्यांची जी यादी दिली त्यात एमएसची अशी एकही नव्हती, बाकी सगळ्यांची होती: बी-१२, ल्युपससारख्या आजारांसाठी एएनए, एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, सारकॉइड या सुजेच्या आजारासाठी एसीई. आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस ताटात मासे, तरी बी-१२ची तपासणी झालीच. त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात, मज्जारज्जूवर परिणाम होतो, आणि ते वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी बरंचसं सुधारतं. असा सुधारणारा आजार नजरेतून निसटू नये म्हणून आधी हे सगळं वगळायचं.

त्या यादीतला सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र शेवटी आला: ॲक्वापोरिन-४ अँटिबॉडी. याच्यावर जरा रेंगाळते, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी रक्ततपासणी हीच.

डोळ्याची नस आणि मज्जारज्जू, दोन्हींवर घाव घालणारा आणखी एक आजार आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एनएमओ. फ्रान्समध्ये डेव्हिक यांनी १८९४ साली त्याचं वर्णन केलं. पुढे शंभर वर्षं तो एमएसचाच भाऊबंद समजला गेला. आशियातल्या रुग्णांसाठी तर 'ऑप्टिको-स्पायनल एमएस' असं वेगळं नावच रूढ होतं. २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या रुग्णांच्या रक्तात एक अँटिबॉडी सापडली, जी एमएसच्या रुग्णांत नव्हती. पुढच्याच वर्षी कळलं की ती मेंदूतल्या पाण्याची ये-जा सांभाळणाऱ्या ॲक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करते. (ॲक्वापोरिन शोधणाऱ्या पीटर ॲग्रे यांना नोबेल मिळालं २००३ साली. म्हणजे पाण्याच्या नळ्यांचा शोध आणि त्या फोडणाऱ्याचा शोध, दोन्ही हाकेच्या अंतरावर.)

हा काही नावाचा वाद नाही. एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब, एनएमओच्या माणसाला दिली तर आजार बळावू शकतो. म्हणजे एका ट्यूबभर रक्तावर ठरतं की औषध कुठलं द्यायचं. तसाच दुसरा कागद मॉग अँटिबॉडीचा, म्हणजे नसांच्या आवरणातल्या मॉग या प्रथिनावर उलटणाऱ्या अँटिबॉडीचा. ती सापडली तर तोही वेगळाच आजार. माझी सॅम्पलं मुंबईला गेली आणि रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. दोन्ही निगेटिव्ह आले. वन्संनी फाइलमध्ये जे 'नॉर्मल' वाचलं ते हे. त्या नॉर्मलला किती किंमत आहे हे सांगायला त्या दिवशी मला सुचलं नाही.

मणक्यातलं पाणी काढलं त्या दिवशीही हातातून रक्त घेतलंच. पाण्यात अँटिबॉडीच्या ज्या पट्ट्या दिसतात, त्या रक्तातही आहेत का हे शेजारी ठेवून बघायचं असतं. दोन किंवा अधिक पट्ट्या फक्त पाण्यात आणि रक्तात नाहीत, तर मेंदूच्या आवारात काहीतरी स्वतंत्र चाललंय. इथे रक्ताचं काम फक्त साक्षीदाराचं.

आता नवीन गोष्टीकडे. आमच्या एमएसवाल्यांच्या ग्रुपवर हल्ली महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, "एनएफएल करून घेऊ का?" एनएफएल म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट चेन. मज्जातंतूच्या आतला सांगाडा ज्या धाग्यांचा असतो, त्यातलं हे एक प्रथिन. तंतू तुटला की ते आधी मेंदूभोवतालच्या पाण्यात आणि तिथून थोडंसं रक्तात उतरतं. थोडंसं म्हणजे किती? ते मोजतात पिकोग्रॅममध्ये, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. जुन्या पद्धतींना एवढं दिसायचंच नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सिमोआसारखी, रेणू एकेक करून मोजणारी यंत्रं आली, तेव्हा कुठे हे रक्तात भरवशाने मोजता यायला लागलं.

रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, आला की एनएफएल वाढतं, मग काही आठवड्यांत, महिन्यांत उतरतं. औषध लागू पडलं तरी उतरतं. ऐकायला छान आहे. पण पावसात गटाराला लाल माती आली की वर कुठेतरी दरड सुटलीय एवढंच कळतं, कुणाच्या परड्यात ते नाही, तसं याचं आहे. अर्धांगवायू, डोक्याला मार, इतर मज्जाविकार, सगळ्यांत ते वाढतं. वयाबरोबर आपोआप वाढतं. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर जास्त दिसतं, आणि अंगाने भरलेल्या माणसात उलट कमी दिसतं. त्यामुळे एक सुटा आकडा घेऊन बसण्यात अर्थ नाही. वयाच्या आणि वजनाच्या मानाने तो कुठे बसतो ते बघावं लागतं, आणि आपल्याच आधीच्या आकड्याशी ताडावा लागतो. माझ्या डॉक्टरांनी मला ही तपासणी अजून सांगितलेली नाही आणि मीही हट्ट धरलेला नाही. एमआरआय दरवर्षी होतोच. जीएफएपी म्हणून आणखी एक प्रथिन आहे, हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसशी त्याचा जास्त संबंध दिसतो, पण त्यावर संशोधन सुरू आहे.

एनएफएलने एक काम मात्र थक्क करणारं केलं. अमेरिकी सैन्यात एचआयव्ही तपासणीसाठी सैनिकांचं रक्त ठरावीक काळाने घेतात आणि उरलेलं सीरम (रक्तातलं पेशींशिवायचं पाणी) गोठवून ठेवतात. हार्वर्डच्या गटाने एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींतून पुढे एमएस झालेले ९५५ जण वेगळे काढले आणि त्यांचं आजाराआधीचं सीरम तपासलं. २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. एप्स्टाइन-बार विषाणूचा (ईबीव्ही) संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढला होता. इतर विषाणूंचं तसं नव्हतं. सॅम्पलं उपलब्ध असलेल्या ८०१ रुग्णांपैकी फक्त एकाच्या रक्तात शेवटपर्यंत त्याचा माग नव्हता. आणि एनएफएल वाढलं ते या संसर्गानंतर, आधी नाही. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात तर पहिलं लक्षण दिसायच्या सहा वर्षं आधीसुद्धा ते वाढलेलं सापडलं होतं. माझा डोळा दुखायच्या आधी माझ्या रक्तात काय चाललं असेल, हा विचार मी फार वेळ करत नाही.

हे वाचून पुतणीने विचारलं, "काकी, मी ईबीव्ही तपासून घेऊ का?" नको गं बाई. दहातल्या नऊहून जास्त मोठ्या माणसांत तो निघतो आणि त्यांतल्या अगदी मोजक्यांना एमएस होतं. तुझा पॉझिटिव्ह आला तर तू जगातल्या बहुतेकांसारखी आहेस, एवढंच कळेल.

गंमत म्हणजे हा विषाणू दडून राहतो तो अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींत, आणि मला दर सहा महिन्यांनी जे रिटुक्सिमॅब चढवतात ते बी-पेशीच काढून टाकतं. ते सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलं, कारण जुना दबलेला संसर्ग या औषधाने उसळू शकतो. आता नियमित चालतं ते सीडी-१९, म्हणजे बी-पेशी किती उरल्यात याची मोजणी. औषध पकडतं पेशीवरच्या सीडी-२० या खुणेला. तीच खूण औषधाने झाकली जाते, म्हणून मोजणी शेजारच्या खुणेची करतात. जांभळ्या झाकणाची ट्यूब, भरली की हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, हलवायची नाही. पेशी जिवंत पोचायला हव्यात म्हणून फ्रीजमध्ये ठेवायची नाही, आणि शनिवारी द्यायची नाही, कारण रविवारी मुंबईत ती तशीच पडून राहील. आमच्या कलेक्शन सेंटरवरच्या मुलाला हे आता पाठ आहे. माझी शीर कुठे लपते तेही.

तो आणखी एक विचारतो: केसांसाठी बायोटिन घेताय का? घेत असाल तर आधी थांबवा म्हणतो, आणि बरोबर आहे. मोठ्या डोसच्या बायोटिनने काही पद्धतींत थायरॉइडचे आकडे साफ चुकीचे येतात. हेच बायोटिन दिवसाला ३०० मिलिग्रॅम असं एमएससाठी चाचणीत दिलं होतं; २०२० मध्ये मोठ्या चाचणीत फायदा काही दिसला नाही.

व्हिटॅमिन डीचं सांगायला नकोच, ते सगळ्यांचंच कमी येतं. फ्रान्समधल्या, २०२५ साली आलेल्या चाचणीत आजाराच्या अगदी सुरुवातीला मोठ्या डोसने फायदा दिसला; अमेरिकेतल्या आधीच्या चाचणीत औषधाच्या जोडीला देऊन दिसला नव्हता. मी डॉक्टरांनी सांगितलेला डोस घेते. साठ हजार युनिटची पुडी आपल्या मनाने रोज दुधातून घेणारे लोक मला माहीत आहेत. कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो तेव्हा कळतं.

सध्या माझं लक्ष आहे आयजीजीवर, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडींवर. बी-पेशी वर्षानुवर्षं नसल्या की अँटिबॉडींचा साठा हळूहळू ओसरतो. माझा आकडा या खेपेला पहिल्यांदाच सातशेच्या खाली गेलाय आणि सर्दी सायनसमध्ये मुक्काम ठोकून बसते. पुढचा डोस सहाऐवजी नऊ महिन्यांनी घ्यायचा की कमी घ्यायचा, आणि तेवढ्यात सीडी-१९ डोकं वर काढू लागलं तर काय, हे दोन प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत. पुण्याला जाताना वन्संही बरोबर येणार आहेत. डॉक्टरांना त्यांचेही काही प्रश्न आहेत म्हणे.