क चं पोट

माझा भाचा सध्या क वर अडलाय. दांडी जमते, आडवी रेघ जमते, पण डावीकडचं पोट आलं की पेन्सिल थांबते, मग ते कधी वाटाण्याएवढं होतं तर कधी पार शेजारच्या चौकटीत घुसतं. मागच्या आठवड्यात तर पठ्ठ्याने पोट काढलंच नाही, पानभर नुसती अधिकची चिन्हं, आणि खाली बाईंचा लाल पेनने शेरा.

मला हसूच आलं, कारण क बरोबर होता, फक्त दोन हजार वर्षं लेट.

रविवारी सकाळी त्याला नाशिकच्या पांडवलेण्यांवर घेऊन गेलो. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी, म्हणजे देवनागरीच्या पूर्वज लिपीतला, लेख आहे, त्यात तो स्वतःला 'दीनीकपुत्र' म्हणवतो, आणि त्यातला क म्हणजे सरळसरळ फुली, फक्त पाय खाली लांब सोडलेला, ऐटीत. पोट वगैरे काही नाही. मग तीन नंबरचं लेणं, तिथल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करताना सांगते की त्याने क्षहरातांचा वंश निर्वंश केला, आणि नहपान नेमका त्याच घराण्यातला! राजे एकमेकांच्या जिवावर उठलेले, पण क दोन्हीकडे फुलीचाच.

पुढे विदर्भात वाकाटक राजांच्या ताम्रपटांवर त्याच अक्षरांच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी आली (मला ती वरातीतल्या भाड्याच्या फेट्यासारखी वाटते, असो). हळूहळू डोक्यावर शिरोरेषा आली, आडव्या रेघेचं डावं टोक वाकत वाकत परत दांडीला चिकटलं, ते पोट, आणि उजवं टोक लोंबतं राहिलं, ती शेपटी. मोडीवाले तर आधी पानभर रेघ ओढून घ्यायचे आणि मग अक्षरं खाली टांगायचे, वाळत घातल्यासारखी.

भद्रकालीत लहानपणी एक बोर्ड पेंटर बघितलेले, त्यांचा क अजून डोळ्यासमोर आहे. चपटा ब्रश, पिवळ्यावर लाल. दांडी ओढून झाली की बिडी बाजूला ठेवायचे, श्वास रोखायचे आणि पोट एका दमात, सुरुवातीला जाड, तळाशी बारीक, परत जाड. मग काळी सावली. आता फ्लेक्सवाले जागा उरली की माउसने अक्षर आडवं ताणतात, क बिचारा बसखाली आल्यासारखा दिसतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं, त्याने नीट ऐकलं पण. सोमवारी शाळेत पुन्हा पानभर फुल्या, आणि बाईंना सांगून आला, मामा म्हणाला बरोबर आहे. संध्याकाळी ताईचा फोन आला, तो मी अजून उचललेला नाही.