बिनकामाची गाडी काढणाऱ्या बायका

इंग्लंडात शेफिल्डला मी मोटारसायकलचं लायसन काढलं हे कळल्यावर वाळूजहून आईचा फोन. "कामून गं? तिकडं बसा नाहीत का?"

बसा आहेत, वेळेवरही येतात. तरी काढलं, आणि हे लायसन म्हणजे सोयरीक जमवण्यापेक्षा किचकट काम. आधी एका दिवसाचं प्राथमिक प्रशिक्षण, मग 125 सीसीच्या गाडीला लाल 'एल' लावून फिरायची मुभा, मग थिअरी. आपल्याकडं आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठ काढला की सुटलो. इथंही आठ आहेच, पण त्यावर भागत नाही. ताशी 50 किलोमीटरनं येऊन अडथळा चुकवायचा आणि नेमक्या जागी गाडी थांबवायची. अख्खा देश मैलांत बोलतो, ही परीक्षा तेवढी किलोमीटरमध्ये! शेवटी रस्त्यावरची परीक्षा. परीक्षक मागून येतो आणि कानातल्या रेडिओवरून डावीकडं, उजवीकडं सांगत राहतो.

पुढं बायकांचाच एक ग्रुप मिळाला. निवृत्त नर्स, बस चालवणारी एक, दोघी-तिघी आज्या. रविवारी स्नेक पासच्या घाटातून नाहीतर मॅटलॉक बाथला. तिथं नदीकाठी ओळीनं मोटारसायकली लागलेल्या असतात. लोक फिश अँड चिप्स खातात आणि एकमेकांच्या गाड्या न्याहाळतात. बस्स, एवढंच काम.

मला भावली ती त्यांची चालायची पद्धत. सगळ्यांत पुढं एक, सगळ्यांत मागं एक, ह्या दोघी ठरलेल्या. वळण आलं की दुसऱ्या नंबरची बाजूला थांबते आणि मागच्यांना हातानं वाट दाखवते. शेवटची गाडी दिसली की ती तिच्या पुढं रांगेत शिरते. त्यामुळं कुणी हरवत नाही, हळू चालवणारीला घाई होत नाही. नवरा, सासू, नोकरी ह्या चौकशा चहाच्या वेळी, त्याही तुम्ही विषय काढला तर.

ह्या बायकांकडूनच थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन ऐकल्या. डिसेंबर 1934 मध्ये दोघी 600 सीसीची पँथर, तिला साइडकार, मागं ट्रेलर घेऊन लंडनहून निघाल्या. सहारा ओलांडून जुलै 1935 मध्ये केपटाऊनला पोचल्या. काम काही नव्हतं!

एकदा नर्सबाईंना पप्पांच्या गाडीचा फोटो दाखवला. 1985 पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे, आमच्या घरात त्यांच्याच गाड्या. बाईंनी मागच्या चाकाजवळची जाळी बोटानं मोठी केली. "हे काय?" साडी गार्ड. आपल्या मोटार वाहन नियमांतच आहे ते: मागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकलेलं हवं. बाई कुठं बसणार हे गाडी कारखान्यातून निघतानाच ठरलेलं!

पण म्हणून आपल्याकडच्या बायका मागंच बसल्यात असं कुणी समजू नये. माझी तायडी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डबा, वह्यांचे गठ्ठे, कधी वाटेत भेटलेली एखादी पोरगी, सगळं स्कुटीवर. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, कॉलेजच्या मुली, सगळ्यांच्या हातात गाडी आहे. स्वातंत्र्य शिकायला शेफिल्ड गाठायची गरज नाही. अडतं ते एवढ्यावरच, की गाडी काढली म्हणजे घरी कारण सांगावं लागतं. दळण, दवाखाना, शाळा चालतं. "असंच" चालत नाही.

दिवाळीत गेले तेव्हा तायडीला आणि तिच्या शाळेतल्या मॅडमांना ती वळणावर थांबायची पद्धत सांगितली. स्कुट्या आणि एक बुलेट घेऊन म्हैसमाळला निघालो. बुलेट चालवली गणिताच्या मॅडमनी, कुणाला हातही लावू दिला नाही. दौलताबादला तटाच्या दरवाजातून रस्ता जातो, तिथं नेहमीसारखी कोंडी. शेजारच्या टेम्पोतल्या काकांनी आमची रांग मोजली.

"कोणाचं लग्न हाय?"

"कोणाचंच नाही, काका. असंच चाललोय."

"असंच?"

"असंच."

काकांना पटलं नसावं, पण टेम्पो मागं घेऊन त्यांनी वाट दिली. आता त्या सगळ्या पैठणला जायचं म्हणतायत. गणिताच्या मॅडमना शेवटची गाडी व्हायचं नाही, त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर वाद पेटलाय, आणि मी इथं पावसात बसून तो वाचतेय.