किती बालद्या लागतात?

आमच्या गॅस्ट्रोच्या ओपीडीत सोमवारी मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका सोमवारी लालबागच्या चाळीतले एक काका मुलगा-सुनेसोबत आले. स्वादुपिंडाच्या डोक्याला झालेल्या कॅन्सरसाठी दीड वर्षापूर्वी व्हिपलची शस्त्रक्रिया, नंतर केमो. आता नऊ किलो वजन उतरलेलं. फाइल पुढे करत मुलाने हळूच विचारलं, "परत आलाय का?"

सीटीत काही नव्हतं. सीए 19-9, म्हणजे या कॅन्सरचा रक्तातला मार्कर, सुद्धा 37 च्या आत, म्हणजे नॉर्मल.

"काका, संडासला किती पाणी ओतावं लागतं?"

काकांनी सुनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मुलगा-सुनेला मी बाहेर बसायला सांगितलं.

"बालदीवर बालदी ओततो डॉक्टर, तरी तेल तरंगतंच. वास तर विचारू नका. सगळ्या मजल्याचा एकच संडास, बाहेर लोक उभे. म्हणून मी जेवणच कमी केलं. कमी खाल्लं की कमी जावं लागतं."

स्वादुपिंड म्हटलं की लोकांना इन्सुलिनच आठवतं. खरं तर ही ग्रंथी बहुतांशी पाचकरस तयार करते. व्हिपलमध्ये तिचं डोकं आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, दोन्ही जातात. उरलेल्या भागाचा रस कमी पडतो आणि अन्नाशी त्याची वेळही जुळत नाही. त्या रसातल्या लायपेजविना, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमविना, तूप-तेल न पचताच बाहेर पडतं, सोबत ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही जातात.

एन्झाइमची कॅप्सूल त्यांना लिहून दिलेली होती, 25,000 युनिटची. ती कधी घ्यायची हे मात्र कुणी समजावलं नव्हतं. काका ती पहाटे चहाबरोबर, बीपीच्या गोळीसोबत घ्यायचे. त्या वेळी पोटात पचवायला काय असणार? वर सुनेने काळजीपोटी तूप आणि बांगडा बंद केलेला.

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: दोन्ही जेवणांना दोन-दोन, एक पहिल्या घासाला, दुसरी अर्ध्या जेवणात. नाश्त्याला एक. चावायची नाही. जोडीला आम्ल कमी करणारी गोळी आणि व्हिटॅमिन डी. तूप, मासे पुन्हा सुरू.

दोन महिन्यांनी काका एकटेच आले, तीन किलोंनी वाढून. कॅप्सूल महाग पडते ही तक्रार होतीच, आणि ती खरीच आहे. मग म्हणाले, "पुतणीचं लग्न आहे. पंगतीत सगळ्यांदेखत खिशातून गोळ्या काढू?"

"काढा. आणि जिलबी-मठ्ठा असेल तर जास्तीची एक ठेवा."